बारशाच्या आधीचे दहा दिवस

पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. तिसऱ्या दिवशी, सिझेरियन झालं असेल तर आणखी एक-दोन दिवसांनी, बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी जाते आणि बाराव्या दिवशी बारसं होतं. पनवेल तालुक्यात जुन्या गावठाणांपासून नव्या टॉवरपर्यंत हा क्रम अजून बराचसा तसाच आहे. पण फेनिलकीटोन्युरिया हा आजार घेऊन जन्मलेल्या बाळाच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा निर्णय बारशाच्या आधीच व्हावा लागतो. युरोपातल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार या बाळाचा उपचार जन्मानंतर दहा दिवसांच्या आत सुरू व्हायला हवा. उपचार म्हणजे एक ठरावीक, मोजून दिलेला आहार. तो वेळेवर सुरू झाला आणि नेटाने चालला, तर मूल इतर मुलांबरोबर शाळेत जातं, दहावी-बारावी करतं, पुढे नोकरी आणि संसारही करतं. वेळ टळली आणि उपचार झालाच नाही, तर त्याच मुलाला बहुधा तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व येतं, बुद्ध्यांक बहुतेकदा ५०च्या खाली राहतो. या दोन आयुष्यांमध्ये सुरुवातीला फक्त काही आठवड्यांचं अंतर असतं. वैद्यकातल्या फार थोड्या गोष्टी मला इतक्या अस्वस्थ करतात.

थोडक्यात पीकेयू म्हटल्या जाणाऱ्या या आजारात बाळ जन्मतं तेव्हा त्याचा मेंदू शाबूत असतो. पोटात असताना आईचं यकृत त्याच्याही वाट्याचं काम करत असतं. नाळ तुटते, दूध सुरू होतं आणि अडचण तिथून पुढे सुरू होते.

दूध, डाळ, मासे, अंडी, धान्यं या सगळ्यांतल्या प्रथिनांचे पचनानंतर जे घटक सुटे होतात त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. त्यांतलं एक फेनिलअलॅनिन. शरीराला ते स्वतः तयार करता येत नाही, वाढीसाठी ते लागतंच, म्हणून ते अन्नातून मिळावं लागतं. गरजेपेक्षा जास्त आलेल्या फेनिलअलॅनिनचं यकृतात टायरोसिन नावाच्या दुसऱ्या अमिनो आम्लात रूपांतर होतं. हे रूपांतर करणाऱ्या एन्झाइमची कृती बाराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात असते. आई आणि वडील दोघांकडूनही त्या जनुकाची बिघडलेली प्रत मिळाली, तर एन्झाइम काम करत नाही आणि फेनिलअलॅनिन रक्तात साठत जातं. निरोगी माणसाच्या रक्तात ते डेसिलिटरमागे साधारण १ मिलिग्रॅम असतं. पीकेयूच्या तीव्र प्रकारात, उपचार नसेल तर, ते २०च्या वर जातं.

साठलेलं फेनिलअलॅनिन मेंदूला दोन बाजूंनी मारतं. रक्तातून मेंदूत जाण्यासाठी अनेक अमिनो आम्लांना एकच दार असतं. संध्याकाळी कुर्ल्याला पनवेल लोकलच्या दारात एकाच टोळक्याने जागा अडवली की बाकीचे प्रवासी फलाटावरच राहतात, तसं टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन बाहेर राहून जातात. टायरोसिनपासून डोपामाइन बनतं, ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी बोलतात त्या या रसायनांमधून. दुसरी बाजू म्हणजे मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण. वाढत्या बाळात ते तयार होत असतं, आणि फेनिलअलॅनिनच्या पुरात ते नीट बनत नाही.

बाहेरून मात्र पहिले काही महिने काहीच दिसत नाही. बाळ हसतं, दूध पितं. कधी उलट्या होतात, अंगावर पुरळ उठतं. पण हे तर कितीतरी बाळांना होतं. लघवीला आणि घामाला एक कोंदट, उंदराच्या बिळासारखा वास येऊ लागतो. आणखी एक लक्षण आहे, ते आपल्या घरांत हमखास चकवतं. टायरोसिनपासूनच त्वचेचा आणि केसांचा रंग बनतो. टायरोसिन कमी पडलं की बाळ घरातल्या इतरांपेक्षा उजळ होतं, केस पिंगट होतात. गोरं बाळ पाहून आपल्याकडे दृष्ट काढतात, डॉक्टरकडे नेत नाहीत. सहाव्या-सातव्या महिन्यात बाळ बसत नाही, आवाजाकडे वळून पाहत नाही, झटके येतात, तेव्हा धावपळ सुरू होते. तोवर बरंच काही हातचं गेलेलं असतं.

या आजाराचा शोध लागला तो एका आईच्या हट्टामुळे. नॉर्वेमधल्या बोर्गनी एगेलँड यांची दोन्ही मुलं, लिव्ह आणि डाग, जन्मली तेव्हा ठीक होती आणि मग मागे पडत गेली. मुलांना येणारा विचित्र वास कसला, हे त्या डॉक्टरांना विचारत राहिल्या. अखेर १९३४ साली ऑस्लोच्या आस्बियॉर्न फॉलिंग यांनी त्या मुलांची लघवी तपासली. फेरिक क्लोराइडचे थेंब टाकल्यावर ती गडद हिरवी झाली. असा रंग त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्या आईकडून लिटरच्या लिटर लघवी मागवून, महिनोन्‌महिने खपून त्यांनी तिच्यातलं फेनिलपायरुव्हिक आम्ल ओळखलं. मग आसपासच्या संस्थांमध्ये ठेवलेल्या ४३० मतिमंद मानल्या गेलेल्या लोकांची लघवी तपासली. त्यांतल्या आठ जणांत तेच आम्ल सापडलं. बौद्धिक दिव्यांगत्वामागे शरीरातल्या रसायनाचा एक नेमका बिघाड असू शकतो, हे पहिल्यांदाच इतक्या स्पष्टपणे दिसलं. एगेलँड यांच्या मुलांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

दुसरी आई इंग्लंडमधली. १९५१ साली बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात हॉर्स्ट बिकेल यांनी शीला जोन्स या दीड वर्षाच्या मुलीचं निदान केलं. ती उभी राहत नव्हती, चालत नव्हती, बहुतेक वेळ कण्हत किंवा रडत असायची. यावर उपाय नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आईने ते मानलं नाही. ती रोज सकाळी येऊन विचारायची, उपाय शोधलात का? लंडनच्या लुई वुल्फ यांना कोळशाच्या भुकटीने दुधातल्या प्रथिनांच्या घटकांमधून फेनिलअलॅनिन वेगळं काढायची युक्ती सुचली होती. ती वापरून बिकेल, जॉन जेरार्ड आणि एव्हलिन हिकमन्स यांनी शीलासाठी मिश्रण तयार केलं. काही महिन्यांत तिचं रडणं थांबलं, ती रांगू लागली, उभी राहिली, तिचे केस गडद झाले. हा खरंच आहाराचा परिणाम आहे का, हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी तिच्या मिश्रणात आईला न सांगता फेनिलअलॅनिन परत घातलं. काही तासांतच मूल ढासळू लागलं. आज असा प्रयोग कुठलीही नीती समिती करू देणार नाही, आणि देऊ नये. पण १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या त्या नोंदीने बुद्धीचा आणि ताटाचा संबंध निर्विवाद सिद्ध केला. दीड वर्षात गमावलेलं मात्र शीलाला परत मिळालं नाही.

मग प्रश्न उरला वेळेचा. लघवीतली खूण काही आठवड्यांनी दिसते, म्हणजे उशिराच. अमेरिकेतल्या बफेलो इथले रॉबर्ट गथ्री यांचा मुलगा बौद्धिक दिव्यांग होता, आणि त्यांच्या मेहुणीच्या मुलीला पीकेयूचं निदान वर्ष उलटल्यावर झालं होतं. गथ्रींनी १९६०च्या आसपास एक साधी चाचणी बसवली: बाळाच्या टाचेला टोचून काढलेले रक्ताचे काही थेंब गाळणकागदावर वाळवायचे आणि त्या कागदाची चकती जिवाणू वाढवण्याच्या थाळीत ठेवायची. रक्तात फेनिलअलॅनिन जास्त असेल तर चकतीभोवती जिवाणूंचं वर्तुळ उमटतं. कागद वाळलेला असल्यामुळे तो साध्या टपालाने पाठवता येतो. १९६३ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने ही चाचणी कायद्याने सर्व बाळांना लागू केली आणि काही वर्षांत ती पश्चिमेत सर्वदूर पोचली. आता जिवाणूंची जागा टँडम मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राने घेतली आहे, त्याच थेंबांतून कितीतरी आजार एकदम कळतात. टाचेला टोचणं आणि कागद तेच आहेत.

चाचणीमुळे लहानपणीच उपचार मिळालेली पहिली पिढी शाळेत पोचली आणि संशोधकांना बुद्धीची मोजदाद करता आली. ब्रिटनमध्ये इसाबेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९९० साली मांडलेले आकडे मला फार बोलके वाटतात. उपचाराला दर चार आठवडे उशीर झाला, की पुढे बुद्ध्यांक साधारण ४ गुणांनी कमी. रक्तातली सरासरी पातळी लिटरमागे ३०० मायक्रोमोलने वाढली, तरी तितकाच तोटा. आणि तिसरा निष्कर्ष बहुतेकांना ठाऊक नसतो: पहिल्या दोन वर्षांत पातळी १२० मायक्रोमोलच्या खाली पाच महिने राहिली, तरीही ४ गुण कमी. म्हणजे भीतीपोटी फेनिलअलॅनिन अगदीच तोडून टाकलं तर मेंदूची वाढ उपासमारीने खुंटते. म्हणूनच हा आहार घरच्या अंदाजाने करता येत नाही. दर आठवड्याला, पुढे दर पंधरवड्याला रक्त तपासून वाटीतले ग्रॅम कमी-जास्त करावे लागतात. बारा वर्षांपर्यंत पातळी १२० ते ३६० मायक्रोमोल, म्हणजे डेसिलिटरमागे २ ते ६ मिलिग्रॅम राखावी, असं युरोपात आणि अमेरिकेतही मानतात. त्यापुढे युरोपीय सूचना ६००पर्यंत सूट देतात. अमेरिकन सूचना जन्मभर ३६०च सांगतात.

आहार कधीपर्यंत चालवायचा याबद्दल वैद्यकाने स्वतःच एक मोठी चूक केली, आणि तिची किंमत मुलांनी मोजली. साठ-सत्तरच्या दशकांत समज असा होता की पाच-सहा वर्षांपर्यंत मेंदूची मुख्य वाढ होते, म्हणजे मग आहार सोडायला हरकत नाही. घरंही सुटकेचा श्वास टाकत. अमेरिकेत अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या पाहणीत सहाव्या वर्षानंतर आहार चालू ठेवलेली आणि सोडलेली मुलं यांची तुलना झाली. सोडलेली मुलं मागे पडत गेली. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांनी आहार जन्मभर हवा, असंच सांगितलं.

बुद्ध्यांक नॉर्मल असतानाही काय बिघडतं, हे मेंदूविज्ञानाच्या संशोधक अ‍ॅडेल डायमंड यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं. तेव्हा डेसिलिटरमागे ६ ते १० मिलिग्रॅम पातळी सुरक्षित मानली जायची. अशा मुलांना डायमंड यांनी लहान-लहान खेळ दिले: एक गोष्ट लक्षात ठेवून दुसरी करायची, पटकन सुचणारं उत्तर थोपवून नियमाप्रमाणे वागायचं. तिथे ही मुलं अडखळली. कपाळामागच्या मेंदूचा हा भाग डोपामाइन जरा कमी पडलं तरी लगेच कुरकुरतो. घरात याचं रूप कसं दिसतं? नववीतला मुलगा हुशार आहे, गणित समजतं, पण पेपरात तिसऱ्या पायरीवर धागा सुटतो. दप्तरात पुस्तक राहतं, चार कामं सांगितली तर दोन होतात. शिक्षक म्हणतात लक्ष नाही, घरचे म्हणतात आळशी आहे. त्याची रक्ताची पातळी खाली आणली तर यातलं पुष्कळसं सुधारतं. असं मूल समोर आलं तर त्याला ओरडण्याआधी त्याचं रक्त तपासा, ही माझी शिक्षकांना आणि पालकांना हात जोडून विनंती आहे.

आता स्वयंपाकघरात येऊ. खरा उपचार तिथेच रोज होतो.

ढोबळ हिशेब असा धरतात की प्रथिनाच्या १ ग्रॅममध्ये ५० मिलिग्रॅम फेनिलअलॅनिन असतं. तीव्र पीकेयू असलेल्या शाळकरी मुलाला दिवसभरात झेपतं साधारण २५० ते ३५० मिलिग्रॅम. या आकड्याशेजारी पनवेलच्या कुठल्याही घरातलं ताट ठेवून पाहा. ३० ग्रॅम तूरडाळीचं वरण म्हणजे साडेसहा ग्रॅम प्रथिन. दिवसाचा कोटा एका वाटीत संपला. पेलाभर गाईचं दूध, तेच. एक अंडं, तेच. मूठभर शेंगदाणे, तेच. ज्वारीची एक मोठी भाकरी २५० मिलिग्रॅमच्या घरात जाते, तांदळाची पावणेदोनशेच्या आसपास. गव्हाची एक पोळी दीडशेच्या पुढे. सुकट, बोंबील, कोलंबी यांचा तर विषयच नको, आणि आगरी-कोळी घरांत रोजचा घास त्यावर चालतो. पावसाळ्यातलं वालाचं बिरडं, थंडीतली शेतावरची पोपटी, तिच्यातल्या वालाच्या शेंगा आणि अंडी, सगळं बाद. हे ऐकून कोणत्याही आईच्या पोटात गोळा येईल. डाळ-भात म्हणजेच जेवण, असं मानणाऱ्या घराला हा आहार उलटा वाटतो; डॉक्टर पौष्टिक म्हणून जे जे सांगतात नेमकं तेच इथे नको असतं.

काय चालतं मग? साबुदाणा. शंभर ग्रॅम साबुदाण्यात अर्धा ग्रॅमसुद्धा प्रथिन नसतं. दाण्याचा कूट वगळून, तुपात जिरं-मिरची घालून केलेली खिचडी या मुलांना पोटभर देता येते; त्यातला बटाटा तेवढा मोजायचा. आरारूट, मक्याचं स्टार्च म्हणजे कॉर्नफ्लोअर, साखर, मध, तेल, तूप. दुधी, काकडी, कोहळा, लाल भोपळा, टोमॅटो, बहुतेक फळं. कुरमुरे वजनाला हलके असल्यामुळे पंधरा ग्रॅमचा बऱ्यापैकी मोठा वाडगा ५० मिलिग्रॅममध्ये बसतो, म्हणजे फरसाण-शेंगदाण्यांशिवायची भेळ अधूनमधून जमते. मोदकाची उकड आणि खोबरं मोजून एखादा मोदकही बसतो, त्या दिवशी भात कमी करायचा. वरई मात्र उपासाची म्हणून निर्धास्त देऊ नये, तिच्यात प्रथिन तांदळाच्या बरोबरीने असतं. हे सगळं ग्रॅममध्ये तोलणारा छोटा डिजिटल काटा ओट्यावर कायम असावा लागतो. वाट्यांनी, मुठींनी मोजून भागत नाही.

एवढ्यावर मूल जगेल, पण वाढणार नाही. वाढीला लागणारी बाकीची अमिनो आम्लं, टायरोसिन, जीवनसत्त्वं आणि खनिजं फेनिलअलॅनिनविरहित पावडरीतून द्यावी लागतात. ही पावडर म्हणजे या आजाराचं औषध. तिचा वास उग्र, चव कडवट. तान्ह्या बाळाला ती सहज लागते, मोठेपणी सुरू केली तर गळी उतरवणं महाकठीण. दिवसातून तीन-चार वेळा विभागून घ्यावी लागते, एकदम घेतली तर शरीर ती वाया घालवतं. तान्ह्या बाळाचं अंगावरचं दूध बंद करावं लागत नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. आईच्या दुधात प्रथिन गाईच्या दुधाच्या साधारण एक तृतीयांश असतं. आधी मोजून पावडरीचं दूध पाजायचं आणि मग पोट भरेल तितकं अंगावर घ्यायचं, अशी पद्धत जगभर वापरतात. गुटीत उगाळायचा बदाम आणि उष्टावणाची दुधातली खीर याबद्दल मात्र आहारतज्ज्ञांना विचारायलाच हवं.

दोन रूढींबाबत इथे सावध राहावं लागतं. एक, उपास. दुसरं, तापात लंघन. पोटात काही गेलं नाही की शरीर स्वतःचे स्नायू मोडून ऊर्जा मिळवतं, आणि स्नायूही प्रथिनांचेच. खाणं बंद असतानाही रक्तातलं फेनिलअलॅनिन त्यामुळे चढतं. म्हणून या मुलांना तापात साखरेचं पाणी, आरारूटची पेज, सरबत थोडं-थोडं देत राहतात आणि पावडर थांबवत नाहीत.

लहानपणी ताट आईच्या हातात असतं. आठवी-नववीनंतर ते मुलाच्या हातात जातं आणि खरी कसोटी तेव्हा लागते. क्लासवरून येताना सगळे वडापाव घेतात. डाळीच्या पिठाचं आवरण, वर पाव, चटणीत दाणे. याने नाही म्हणायचं, आणि का म्हणून सांगत बसायचं. दिवाळीला फराळाची ताटं घरोघर फिरतात. आजी मायेने म्हणते, एवढ्याशा लाडवाने काय होतंय? एका लाडवाने काही दिसत नाही, हीच तर या आजाराची गोम. पोट दुखत नाही, पुरळ उठत नाही. आठवडाभरात चिडचिड वाढते, लक्ष लागत नाही, आणि त्याचा संबंध लाडवाशी कुणी जोडत नाही. याच वयात काही मुलं पावडर सोडतात पण मासे-दूधही घेत नाहीत, कारण त्याची सवयच नसते. मग ब-१२ जीवनसत्त्व कमी पडून मज्जासंस्थेवर दुसरा घाव बसतो. साखरेऐवजी अ‍ॅस्पार्टेम घातलेली शीतपेयं आणि च्युइंग गमही टाळावी लागतात, कारण अ‍ॅस्पार्टेममध्येच फेनिलअलॅनिन असतं. आपल्याकडे अशा पाकिटांवर फेनिलकीटोन्युरिया असलेल्यांसाठी नाही, असा इशारा छापणं बंधनकारक आहे. बारीक अक्षरांतली ती ओळ मुलाला स्वतः वाचता यायला हवी.

मुलाला सातव्या-आठव्या वर्षापासूनच काट्यावर स्वतःचा भात तोलू द्यावा, पावडर स्वतः कालवू द्यावी. शाळेला आजाराचं नाव सांगावं, लपवू नये. मित्रांनाही सांगावं. ज्या घरांत हे गुपित ठेवलं जातं तिथे मुलगा बाहेर चोरून खातो आणि त्याला दोष देणाऱ्यांच्याच हे लक्षात येत नाही, की लपवायला त्याला घरानेच शिकवलं.

औषधंही आली आहेत. सॅप्रोप्टेरिन या गोळीने काही रुग्णांच्या एन्झाइमला बळ मिळतं आणि त्यांना थोडं जास्त प्रथिन पचतं. अमेरिकेत तिला २००७ साली मान्यता मिळाली. प्रौढांसाठी पेगव्हॅलिएज हे इंजेक्शन २०१८ साली आलं. दोन्ही फार महाग आहेत, आणि तान्ह्या बाळाच्या उपचाराचा पाया अजून आहार हाच आहे. मात्र शंभरात एक-दोन बाळांत मूळ बिघाड एन्झाइमच्या मदतनीस घटकात असतो. त्यांना नुसत्या आहाराने भागत नाही, वेगळी औषधं लागतात. म्हणून निदान करताना ती तपासणीही व्हायलाच हवी.

भारतात नवजात बाळांची ही चाचणी देशभर सक्तीची नाही. ऐंशीच्या दशकात बंगळुरूत एन. अप्पाजी राव, ए. राधा रमा देवी आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या १ लाख १२ हजारांहून जास्त बाळांचं रक्त तपासलं होतं. म्हणजे काम आपल्याला जमत नाही असं मुळीच नाही. गोवा सरकारने २००८ साली नवजात बाळांच्या रक्तचाचणीचा सरकारी कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्रात चाचणी होते ती बहुधा पालकांनी विचारलं आणि पैसे मोजले तर. आपल्याकडे हा आजार क्वचितच सापडतो, असं सांगितलं जातं. शोधलाच नाही तर सापडणार कसा? तुर्कस्तान आणि आयर्लंडमध्ये चार-साडेचार हजार बाळांत एक, फिनलंडमध्ये लाखात एकाहून कमी, असं प्रमाण देशागणिक बदलतं. नात्यात लग्नं जास्त असली की दोन बिघडलेल्या प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते, आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत आहे. आई-वडील दोघंही वाहक असले तर प्रत्येक खेपेला चारात एक शक्यता असते. बाळंतिणीला यात कुणी बोल लावू नये. तिच्या डोहाळ्यांचा, तिच्या खाण्याचा याच्याशी काही संबंध नाही.

पनवेलकरांपुढचं चित्र मला स्पष्ट दिसतं. महापालिकेच्या हद्दीत कामोठ्याला एमजीएमचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, शहरात उपजिल्हा रुग्णालय आहे, खासगी प्रसूतिगृहं आहेत. खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं विभागीय केंद्र आहे. तिथे मूल पोचतं ते मागे पडल्यावर. त्याच्या आधी, जन्मानंतर ४८ ते ७२ तासांत, टाचेचे चार थेंब घेण्याची सोय प्रत्येक प्रसूतिगृहात असायला हवी. घरी सोडण्याची घाई असेल तर थेंब घेऊनच सोडावं. कार्डावर सासरचा पत्ता असतो आणि बाळंतीण माहेरी असते, तेव्हा दोन्हीकडचे फोन नंबर लिहावेत. नाहीतर अहवाल कामोठ्यात येऊन पडतो आणि बाळ माणगावात असतं.

निदान झालंच तर एकटं पडायचं कारण नाही. केंद्र सरकारच्या २०२१च्या दुर्मिळ आजार धोरणात खास आहारावर चालणाऱ्या आजारांचा वेगळा गट आहे आणि त्या यादीत फेनिलकीटोन्युरिया पहिला आहे. धोरणाखालच्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक परळचं केईएम रुग्णालय आहे. पनवेलहून हार्बरने कुर्ला आणि तिथून परळ. २०२२मध्ये मदतीची कमाल मर्यादा ५० लाख रुपये झाली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ साली अशा आजारांच्या खास आहारासाठी डाएट फॉर लाइफ हा उपक्रम सुरू केला. पावडर महिनोन्‌महिने न तुटता मिळत राहणं हा घरांचा सगळ्यांत मोठा घोर असतो, आणि पाठपुरावा करायचा तो याच गोष्टीसाठी.

ज्या मुलांचं निदान राहून गेलं त्यांचाही विचार व्हावा. कारण न सापडलेला बौद्धिक मागासपणा, अतिचंचलता, स्वमग्नतेसारखं वागणं, झटके, आणि भावंडांपेक्षा उजळ रंग, असं मूल कुठल्याही विशेष शाळेत असेल तर त्याच्या रक्तातलं फेनिलअलॅनिन एकदा तपासावं. मोठेपणी आहार सुरू करून गेलेली बुद्धी येत नाही, पण झटके आणि चिडचिड कमी होतात, मूल शांत झोपतं. त्या घरासाठी ते लहान नाही. आणि त्याच्या पाठच्या भावंडाचा जन्म व्हायचा असेल तर ते बाळ पूर्णपणे वाचवता येतं.

एक शेवटचा मुद्दा मुलींचा. आहारावर वाढलेली, शिकलेली, नोकरी करणारी पीकेयू असलेली तरुणी आई होऊ शकते. पण गर्भारपणात तिच्या रक्तातली पातळी चढलेली असेल, तर ते फेनिलअलॅनिन नाळेतून बाळाकडे जातं, आणि बाळाला स्वतःला आजार नसला तरी त्याच्या मेंदूची वाढ पोटातच खुंटते. १९८० साली रॉजर लेन्के आणि हार्वी लेव्ही यांनी गोळा केलेल्या नोंदींत, पातळी २० मिलिग्रॅमच्या वर असलेल्या आयांच्या मुलांपैकी ९२ टक्के बौद्धिक दिव्यांग होती, पाऊणशे टक्क्यांच्या आसपास मुलांची डोकी लहान होती, काहींना हृदयदोष होते. दिवस राहायच्या आधीपासून पातळी ३६० मायक्रोमोलच्या आत ठेवली तर बाळ सहसा ठीक जन्मतं. दिवस राहिल्याचं कळेपर्यंत पाच-सहा आठवडे गेलेले असतात, म्हणून तयारी त्याच्या आधी लागते. ही गोष्ट तिला चौदाव्या-पंधराव्या वर्षी, तिच्या आहारतज्ज्ञांनी आणि आईने समोर बसवून सांगायला हवी, आणि लग्न ठरेल तेव्हा नवऱ्या मुलालाही.